कार्य आणि गतिज ऊर्जा : हिशेब कसा मांडायचा आणि तो कुठे चुकतो

ताशी ५० किलोमीटर वेगाची एक गाडी आणि तिच्या शेजारून ताशी ६० किलोमीटरने जाणारी तशीच दुसरी गाडी. दोघी एकाच रेषेत आल्या असताना दोन्ही चालक सारख्याच जोराने ब्रेक दाबतात. ५० ची गाडी समोरच्या अडथळ्याला टेकता टेकता थांबते. ६० ची गाडी त्याच जागी पोहोचेल तेव्हा तिचा वेग किती उरलेला असेल? पटकन सुचणारे उत्तर १० आहे. खरे उत्तर आहे ताशी ३३ किलोमीटर.

आकडेमोड एवढीच: ६० चा वर्ग ३६००, ५० चा वर्ग २५००, वजाबाकी ११००, तिचे वर्गमूळ ३३. वेगातून वेग वजा होत नाही, वर्गातून वर्ग वजा होतो. ब्रेकने तेवढ्या अंतरात दोन्ही गाड्यांकडून सारखीच ऊर्जा काढून घेतली, आणि गाडीजवळची गतीमुळे असलेली ऊर्जा, म्हणजेच गतिज ऊर्जा, वेगाच्या वर्गावर ठरते. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. तो धरला तर ६० च्या गाडीची अवस्था आणखी वाईट होते, कारण त्या वेळात ती जास्त पुढे सरकते.

यामागे जे कार्य-ऊर्जा प्रमेय आहे ते एका वाक्याचे आहे: वस्तूवर लागलेल्या सगळ्या बलांनी मिळून केलेले कार्य म्हणजे त्या वस्तूच्या गतिज ऊर्जेत झालेला बदल. वाक्य पाठ असते, सूत्रही पाठ असते, पण गणित सोडवताना नेमका ‘सगळ्या’ हा शब्द निसटतो. चुकलेली बहुतेक उत्तरे तिथेच चुकतात. म्हणून पुढचा सगळा भर त्या शब्दावर आहे.

आधी कार्य नीट समजून घेऊ

कार्य = बल × विस्थापन × त्यांच्यातील कोनाचे कोसाइन. बल न्यूटनमध्ये, विस्थापन मीटरमध्ये, उत्तर ज्यूलमध्ये. १०० ग्रॅमचा पेरू हळूच १ मीटर वर उचलला तर हाताने सुमारे १ ज्यूल कार्य केले, नेमके सांगायचे तर ०.९८ ज्यूल.

डोक्यावर वाळूचे घमेले घेऊन सपाट जमिनीवर एकसारख्या चालीने जाणाऱ्या मजुराने घमेल्यावर केलेले कार्य शून्य असते, हे वाचून मन लगेच विरोध करते. त्याचा घाम खोटा नाही. स्नायूंचे तंतू घमेले नुसते तोलून धरतानाही सतत आखडत-सुटत राहतात, त्यात शरीरातली रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. पण ती घमेल्यापर्यंत पोहोचत नाही. डोक्याचे बल वरच्या दिशेने, सरकणे आडवे, मधला कोन ९०° आणि त्याचे कोसाइन शून्य. तोच मजूर शिडीवर चढू लागला की बल आणि विस्थापन एका दिशेला येतात आणि कार्य धन होते.

चिन्हाचा अर्थ मनात पक्का बसवा. धन कार्य म्हणजे त्या बलाने वस्तूला ऊर्जा दिली, ऋण कार्य म्हणजे काढून घेतली, शून्य म्हणजे देणे-घेणे झालेच नाही. कोन ९०° पेक्षा लहान असेल तर धन, मोठा असेल तर ऋण. चिन्ह बलाच्या दिशेवरून ठरत नाही, बल आणि सरकणे यांच्या नात्यावरून ठरते. गुरुत्वाकर्षण सदैव खालीच ओढते, पण चेंडू वर जाताना त्याचे कार्य ऋण आणि खाली येताना धन.

प्रमेय येते कुठून

गतीचे तिसरे समीकरण घ्या: अंतिम वेग² − सुरुवातीचा वेग² = २ × त्वरण × अंतर. दोन्ही बाजूंना वस्तुमानाने गुणा आणि २ ने भागा. उजवीकडे वस्तुमान × त्वरण × अंतर उरते. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने वस्तुमान × त्वरण म्हणजे निव्वळ बल, म्हणजे उजवी बाजू झाली निव्वळ बलाने केलेले कार्य. डावीकडे ½ × वस्तुमान × वेग² या राशीचा शेवटचा आकडा वजा सुरुवातीचा आकडा. या राशीलाच आपण गतिज ऊर्जा म्हणतो. ‘वस्तुमान × त्वरण’ मधले बल हे निव्वळ बल असते, एकटेदुकटे बल नसते. ‘सगळ्या’ हा शब्द प्रमेयात असा, जन्मापासूनच आहे.

बल बदलते असेल तर अंतराचे इतके बारीक तुकडे करा की प्रत्येक तुकड्यात बल जवळपास स्थिर राहील. प्रत्येक तुकड्याला वरचीच युक्ती लावा आणि बेरीज घ्या. मधले सगळे वेग कटाप होतात, फक्त पहिला आणि शेवटचा उरतो. म्हणून प्रमेय बदलत्या बलालाही तसेच्या तसे लागू पडते.

वेगाचा वर्ग घ्यायचा की नुसता वेग, यावर युरोपात मोठा वाद झाला होता. जर्मन विचारवंत लाइबनिझने १६८६ मध्ये वर्गाची बाजू मांडली. पुढे नेदरलँड्समधील ग्रावेसांडे याने पितळी गोळे मऊ मातीवर वेगवेगळ्या उंचीवरून टाकून खड्डे मोजले: वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट. फ्रान्सच्या एमिली द्यू शातले यांनी हाच पुरावा आपल्या लेखनात पुढे आणला. सूत्रातला ½ मात्र बराच नंतरचा. १८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिसने ‘कार्य’ ही राशी आजच्या अर्थाने वापरली आणि हिशेब जुळावा म्हणून तो ½ घातला. म्हणजे ½ हा नुसता पाठ करायचा अपूर्णांक नाही, कार्याच्या व्याख्येशी नाते जुळवणारा दुवा आहे.

गणित सोडवण्याची रीत

एकच उदाहरण पायरीपायरीने नेऊ. गोदामाच्या फरशीवर २० किग्रॅचे खोके स्थिर आहे. दोरी आडव्या रेषेपासून ३०° वर धरून ते १०० न्यूटन बलाने ५ मीटर ओढले. खोके आणि फरशी यांच्यातील गतिज घर्षणांक ०.३. शेवटी खोक्याचा वेग किती?

पायरी १. वस्तू ठरवा. हिशेब खोक्याचा आहे, ओढणाऱ्या माणसाचा नाही. हे लिहूनच टाका. ज्याचा हिशेब, त्याच्यावर लागलेली बलेच मोजायची. खोक्याने दोरीवर किंवा फरशीवर लावलेले बल या यादीत येत नाही.

पायरी २. सुरुवात आणि शेवट हे दोन क्षण नेमके ठरवा. सुरुवात: वेग शून्य. शेवट: ५ मीटर पूर्ण झाले तो क्षण. दोरी सोडल्यानंतर काय होते ते या हिशेबात नाही.

पायरी ३. बलांची यादी करा. आधी गुरुत्वाकर्षण लिहा. मग खोक्याभोवती नजर फिरवा आणि त्याला जे जे टेकलेले आहे ते बोटावर मोजा: दोरी आणि फरशी. दोरी एक बल देते. फरशी दोन देते, एक पृष्ठभागाला लंब आणि एक घर्षणाचे. एकूण चार. या पद्धतीने यादी केली की बल सुटतही नाही आणि ‘पुढे जाण्याचे बल’ असले काल्पनिक बल शिरतही नाही.

पायरी ४. प्रत्येक बलाचे कार्य वेगळ्या ओळीवर, चिन्हासकट.

दोरी: १०० × ५ × कोसाइन ३०° = १०० × ५ × ०.८६६ = +४३३ ज्यूल.
गुरुत्वाकर्षण: विस्थापनाला लंब, ० ज्यूल.
फरशीचे लंब बल: विस्थापनाला लंब, ० ज्यूल.
घर्षण: इथे थांबा.

घर्षण = घर्षणांक × लंब बल. लंब बल म्हणजे वजन, असे गृहीत धरून २० × ९.८ = १९६ न्यूटन लिहिण्याची सवय फार खोल रुजलेली असते. पण दोरी तिरपी वर आहे, ती १०० × साइन ३०° = ५० न्यूटन भार स्वतःवर घेते. फरशीवर उरतात १४६ न्यूटन. घर्षण झाले ०.३ × १४६ = ४३.८ न्यूटन आणि त्याचे कार्य −४३.८ × ५ = −२१९ ज्यूल. ज्या बलाचे स्वतःचे कार्य शून्य आहे तेच बल घर्षणाचा आकडा ठरवते, म्हणून शून्य कार्याची बलेही यादीत लिहायचीच.

पायरी ५. बेरीज करून गतिज ऊर्जेच्या बदलाशी जोडा. ४३३ − २१९ = २१४ ज्यूल. ½ × २० × वेग² = २१४, म्हणून वेग² = २१.४ आणि वेग ४.६ मी/से. लंब बल चुकवून १९६ धरले असते तर उत्तर ३.७ मी/से आले असते. उत्तर दिसायला ठीकठाक वाटते, म्हणूनच ही चूक पकडली जात नाही.

पायरी ६. ताळा. घर्षण शून्य असते तर वेग √(२ × ४३३ ÷ २०) = ६.६ मी/से झाला असता. आपले उत्तर त्याहून कमी आहे, बरोबर. बेरीज ऋण आली आणि सुरुवातीचा वेग शून्य होता, तर समजा की खोके हललेच नसते किंवा यादीत चूक आहे. वेगाचा वर्ग कधीही ऋण येत नाही.

एककांबद्दल एकच ताकीद, पण कडक. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागून मी/से करा आणि मगच वर्ग करा. विसरलात तर उत्तर ३.६ पट नाही, १२.९६ पट चुकते, कारण चुकीचाही वर्ग होतो.

दोन्ही टोकांना वेग शून्य असेल तर

ही युक्ती शिकवताना घाईने उरकली जाते, पण तिने गणित निम्म्यावर येते. दीड किलोचा नारळ १५ मीटर उंचीवरून वाळूत पडला आणि १० सेंटिमीटर रुतून थांबला. वाळूने सरासरी किती बल लावले?

पडतानाचा वेग काढायची गरजच नाही. सुरुवातीला नारळ झाडावर स्थिर, शेवटी वाळूत स्थिर. गतिज ऊर्जेतला बदल शून्य, म्हणून सगळ्या कार्यांची बेरीज शून्य. गुरुत्वाकर्षण १५ नव्हे तर १५.१ मीटर कार्य करते, वाळूत रुततानाही ते थांबत नाही: १.५ × ९.८ × १५.१ = २२२ ज्यूल. वाळूचे कार्य −२२२ ज्यूल, अंतर ०.१ मीटर, म्हणून सरासरी बल २२२० न्यूटन. नारळाच्या वजनाच्या सुमारे १५० पट. हेच थांबणे कठीण जमिनीवर १ सेंटिमीटरमध्ये झाले तर बल जवळजवळ दहापट.

क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे का नेतात तेही यातूनच निघते. १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १०८ किलोमीटरने, म्हणजे ३० मी/से वेगाने आला तर त्याच्याजवळ ½ × ०.१६ × ९०० = ७२ ज्यूल असतात. हात ताठ ठेवून ५ सेंटिमीटरमध्ये थांबवला तर सरासरी बल १४४० न्यूटन, ३० सेंटिमीटर मागे नेला तर २४०. काढून घ्यायची ऊर्जा तेवढीच, अंतर सहापट, बल एक-षष्ठांश. हेल्मेटमधला जाड फोम याच कामाला असतो, म्हणून एकदा चेपलेला फोम पुन्हा तेवढे संरक्षण देत नाही.

बल बदलत असेल तर

स्प्रिंग दाबत जाल तसे बल वाढते. स्प्रिंग स्थिरांक २०० न्यूटन प्रति मीटर, दाबलेले अंतर १० सेंटिमीटर, म्हणजे शेवटचे बल २० न्यूटन. कार्य २० × ०.१ = २ ज्यूल लिहिले की उत्तर दुप्पट झाले. बल ० पासून २० पर्यंत सरळ रेषेत वाढले, सरासरी १०, म्हणून कार्य १ ज्यूल. आलेखावर आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर बल घेतले तर रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे कार्य. इथे तो त्रिकोण आहे. हीच स्प्रिंग गुळगुळीत आडव्या पृष्ठभागावर ५० ग्रॅमच्या गोळ्याला ढकलून सुटली तर वेग √(२ × १ ÷ ०.०५) = ६.३ मी/से. आलेख वेडावाकडा असेल तर आलेखकागदावरचे चौकोन मोजा. अक्षाखालचे चौकोन वजा करायचे.

नेमके कुठे पाय घसरतो

एकाच गोष्टीचा दोनदा हिशेब. गुरुत्वाकर्षणाचे कार्य यादीत धरले असेल तर स्थितिज ऊर्जा पुन्हा मांडायची नाही. ‘मी बॅग उचलली, ९८ ज्यूल कार्य केले, मग तिची गतिज ऊर्जा का वाढली नाही?’ हा प्रश्न हटकून येतो. १० किलोची बॅग हळूच १ मीटर उचलताना हाताने +९८ आणि गुरुत्वाकर्षणाने −९८ ज्यूल कार्य केले, बेरीज शून्य. त्या −९८ लाच आपण उलट चिन्हाने ‘स्थितिज ऊर्जा ९८ ने वाढली’ असे म्हणतो. दोन भाषा आहेत, एका वेळी एकच वापरा.

लंब बलाचे कार्य नेहमी शून्य, हे खोटे आहे. पृष्ठभाग स्थिर असेल तर ते खरे. लिफ्टमध्ये ५० किलोचा माणूस स्थिर अवस्थेतून निघून २ मीटरमध्ये २ मी/से वेग घेतो. त्वरण १ मी/से², जमिनीचे लंब बल ५० × १०.८ = ५४० न्यूटन, त्याचे कार्य +१०८० ज्यूल. गुरुत्वाकर्षणाचे −९८०. बेरीज १०० ज्यूल, आणि ½ × ५० × ४ = १००. तंतोतंत.

चाक आणि रस्ता हा विषय मात्र सावकाश वाचावा. स्कूटर आणि चालक मिळून १८० किलो, वेग १० मी/से, म्हणजे गतिज ऊर्जा ९००० ज्यूल. १० मीटरमध्ये थांबली, म्हणून रस्त्याचे सरासरी घर्षण ९०० न्यूटन. वेग २० मी/से असता तर ३६००० ज्यूल आणि त्याच घर्षणाने ४० मीटर. इथपर्यंत सोपे. पण चाक न घसरता फिरत असेल तर टायरचा जो बिंदू रस्त्याला टेकला आहे तो त्या क्षणी स्थिर असतो. जिथे बल लागते तो बिंदूच सरकत नाही, मग कार्य कसले? खरोखरच, रस्त्याने त्या बिंदूवर कार्य केलेले नसते. ऊर्जा जाते ती ब्रेकच्या शू आणि ड्रमच्या घासण्यात, उष्णता होऊन. तरीही ९०० × १० = ९००० हा हिशेब बरोबर येतो, कारण तिथे आपण पूर्ण स्कूटरला तिच्या वस्तुमानकेंद्रापाशी गोळा झालेला एक बिंदू मानतो आणि बाहेरचे बल × वस्तुमानकेंद्राचे सरकणे मोजतो. प्रमेय मुळात बिंदुवस्तूचे आहे. फिरणारे भाग असलेल्या वस्तूला लावताना ते वस्तुमानकेंद्राच्या गतीपुरते बोलते. चाकांच्या फिरण्याची ऊर्जा त्यात येत नाही आणि उष्णता कुठे झाली हेही ते सांगत नाही. चाक जाम होऊन घसरले तर उष्णता टायर आणि रस्त्याच्या मध्ये होते, म्हणून काळे पट्टे उमटतात.

ही उष्णता किती असते ते घाटात कळते. १६ टन वजनाचा ट्रक एकाच वेगाने ३०० मीटर उंची उतरला तर गतिज ऊर्जेतला बदल शून्य, पण गुरुत्वाकर्षणाचे कार्य १६००० × ९.८ × ३०० = सुमारे ४ कोटी ७० लाख ज्यूल. तेवढेच ऋण कार्य कोणीतरी करावे लागते. एवढ्या ऊर्जेत १५० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल. हवेचा आणि टायरांचा विरोध थोडा वाटा उचलतो. बाकी सगळे एकट्या ब्रेकवर टाकले तर ते तापून पकड सोडतात. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची ती यासाठी: ऋण कार्याचा मोठा वाटा इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये उतरवले की तो वाटा शून्य होतो.

बघणारा कोण, यावरही आकडे बदलतात. २० मी/से वेगाच्या रेल्वेत कोणी १०० ग्रॅमचा चेंडू पुढे १० मी/से वेगाने फेकला. डब्यातल्याला गतिज ऊर्जा ५ ज्यूल वाढलेली दिसते. रुळाशेजारी उभ्या असलेल्याला वेग २० वरून ३० झालेला दिसतो, वाढ २५ ज्यूल. खरे कोणाचे? दोघांचेही. हाताने १० न्यूटन बल ०.१ सेकंद लावले. डब्यात हात ०.५ मीटर सरकला, १० × ०.५ = ५. तेवढ्या वेळात रेल्वे २ मीटर पुढे गेली, म्हणून बाहेरच्याला हात २.५ मीटर सरकलेला दिसला, १० × २.५ = २५. अट एकच: वेग आणि विस्थापन एकाच बघणाऱ्याचे घ्यायचे. वेग जमिनीचा आणि अंतर डब्यातले घेतले की हिशेब कोलमडतो.

‘किती वेळ लागला’ आणि ‘कोणत्या दिशेला गेला’ हे प्रश्न या प्रमेयाला विचारू नका. त्यात वेळ नाही आणि दिशाही नाही. टक्कर आली तर टकरीच्या क्षणापुरता संवेगाचा नियम (वस्तुमान × वेग यांची एकूण बेरीज टकरीआधी आणि नंतर तेवढीच राहते) वापरा, टकरीच्या आधी आणि नंतर प्रमेय.

टेबलावर पडताळा

साहित्य: वायरिंगची १ मीटर लांब प्लास्टिकची केसिंग पट्टी, झाकण काढून, काचेची एक गोटी, साधारण १६ मिलिमीटर व्यासाची, ती ५ ग्रॅमच्या आसपास भरते, टूथपेस्टच्या खोक्याचा ६ सेंटिमीटरचा तुकडा, एक तोंड उघडे, थोडी क्ले, मोजपट्टी, पुस्तके.

खोक्याच्या बंद टोकाला आतून क्ले चिकटवा. पेन्सिलीवर मोजपट्टी तोलून एका टोकाला गोटी, दुसऱ्या टोकाला खोके ठेवा आणि दोन्ही समान होईपर्यंत क्ले कमी-जास्त करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एका गोटीला फारसा विश्वासू नाही. त्यावर वजन पाहायचेच असेल तर दहा गोट्या एकदम ठेवून दहाने भागा.

पट्टीचे वरचे टोक पुस्तकांवर ठेवा आणि खालचे १५ ते २० सेंटिमीटर टेबलावर सपाट येतील असा हलका बाक द्या. बाक तुटक असेल तर गोटी उडते आणि तिथेच ऊर्जा गमावते. टेबल सपाट आहे का ते गोटी ठेवून आधी पाहा, पंखा बंद करा. खोके पट्टीच्या तोंडाशी, उघडे तोंड गोटीकडे करून ठेवा.

उतार एकदाच ठेवा, हलवू नका. टेबलावरच्या सपाट भागापासून पट्टीची उंची मोजत ५, १०, १५ आणि २० सेंटिमीटरच्या जागी खुणा करा आणि गोटी त्या त्या खुणेवरून सोडा. पुस्तके वाढवून उंची बदलली तर उतार बदलतो, बाकही बदलतो आणि आकडे विस्कटतात. गोटी बोटांनी सोडू नका, नकळत ढकलली जाते. पुढे कार्डाचा तुकडा अडवून धरा आणि तो झटकन वर उचला. प्रत्येक उंचीला पाच वेळा सोडा आणि पाच आकड्यांतला मधला घ्या.

घर्षणांक ०.३ च्या जवळ असेल तर खोके अनुक्रमे साधारण ३, ६, ९ आणि १२ सेंटिमीटर घसरते. आता खोके बाजूला करून पट्टीचे तोंड टेबलाच्या कडेशी आणा आणि गोटी जमिनीवर कुठे पडते ते कार्बन पेपरने टिपा. टेबल ७५ सेंटिमीटर उंच असेल तर पडायला ०.३९ सेकंद लागतात, गोटी कोणत्याही खुणेवरून सोडलेली असो. म्हणजे आडवे अंतर थेट वेगाचे माप झाले. ५ सेंटिमीटरवरून सुटलेली गोटी जास्तीत जास्त ३३ आणि २० वरून सुटलेली ६५ सेंटिमीटर दूर पडेल. वेग दुप्पट, घसरण चौपट.

हे ३३ आणि ६५ आकडे मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या सूत्राने काढलेले नाहीत. घरंगळणारी भरीव गोटी आपल्या एकूण गतिज ऊर्जेपैकी २/७ भाग स्वतःभोवती फिरण्यात ठेवते, म्हणून २० सेंटिमीटरवरून तिचा वेग १.९८ नव्हे तर १.६७ मी/से होतो. पट्टीचा तळ सपाट न घेता खाच असलेली पट्टी घेतली तर गोटी खाचेच्या दोन कडांवर टेकते, फिरण्याचा वाटा आणखी वाढतो आणि वेग आणखी घटतो.

गोटी क्लेला चिकटते तेव्हा वस्तुमाने समान असल्यामुळे दोघांचा वेग निम्मा होतो आणि सरळ गतीची निम्मी ऊर्जा क्ले चेपण्यात जाते. दर वेळी निम्मीच जाते, म्हणून उंची आणि घसरण यांचे प्रमाण टिकते. गोटी न चिकटता मागे उसळली तर ते प्रमाण बिघडते. क्ले मऊ करा.

आलेखावर आडवी उंची, उभी घसरण. सरळ रेषा यावी. रेषा सरळ आहे पण आरंभबिंदूतून जात नाही, असे झाले तर बाकाशी किंवा पट्टीच्या तोंडाशी प्रत्येक वेळी ठराविक ऊर्जा अडकते आहे. तोंडाला राहिलेली चिर आणि खोक्याच्या कडेची पायरी तपासा. मोठ्या उंचीला रेषा खाली वाकली तर खोके तिरके होऊन वळते आहे का ते पाहा. गोटी मध्यावर आदळत नसली की असे होते. एखादाच आकडा भरकटला तर त्या जागी टेबलावर तेलकट डाग असू शकतो.

घर्षणांक स्वतः काढता येतो. गोटी क्लेमध्ये अडकवलेले खोके त्याच टेबलाच्या सनमायकासारख्या फळीवर ठेवा, फळीचे एक टोक हळूहळू उचला आणि खोक्याला बोटाने हलकी टिचकी देत राहा. ज्या तिरपेपणाला टिचकीनंतर ते थांबत नाही, वेगही घेत नाही, एकसारखे सरकत राहते, तिथे फळीच्या टोकाची उंची भागिले आडवे अंतर म्हणजे गतिज घर्षणांक. मग घसरण = वेग² ÷ (८ × घर्षणांक × ९.८), आणि यातला वेग कार्बन पेपरवरच्या खुणेवरून घ्यायचा. हा आकडा आधी वहीत लिहा आणि मग गोटी सोडा. खोके त्या खुणेपासून सेंटिमीटरभर अलीकडे-पलीकडे थांबले तर मांडणी चांगली जमली. सतत अलीकडेच थांबत असेल तर खोक्याच्या तळाची कापलेली कड टेबलात रुतते आहे, ती बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.